दुकानापुढचे दहा फूट

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हे बीड जिल्ह्यातल्या बाजारपेठेचे कमाईचे दिवस. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबं कारखान्यावर निघण्याआधी तालुक्याच्या गावी येतात आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या संसाराचं सामान एका फेरीत घेऊन जातात. ताडपत्री, कोयते, पातेली, पोरांचे कपडे, चपला, तेल-मीठ. अशा कुटुंबाने आणलेला टेम्पो दुकानापुढे दहा मिनिटं थांबू शकला नाही, तर ते पुढे सरकतं आणि जिथे गाडी उभी राहील तिथे खरेदी करतं. तुमचा भाव कमी होता हे त्याला कळतही नाही. बीडच्या सुभाष रोडवर, धोंडीपुऱ्यात, अंबाजोगाईच्या मंडी बाजारात, परळीत वैजनाथ मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेच घडतं, आणि रात्री गल्ला मोजताना आपण ‘यंदा गिऱ्हाईक कमी’ म्हणून मोकळे होतो.

बहुमजली पार्किंग, रस्ता रुंदीकरण ही कामं व्हायची तेव्हा होतील. आज आहे त्याच रस्त्यात, दुकानदारांनी एकत्र बसून काय करता येईल, तेवढंच मला इथे सांगायचं आहे. जुन्या पेठांमध्ये जागा कमी आहे हे खरं. पण आहे ती जागा दिवसभर अडून राहते, ही त्याहून मोठी अडचण आहे आणि ती आपल्या हातातली आहे.

आधी एक हिशेब करू. साधारण दुकानाचं तोंड दहा फूट, म्हणजे तीन मीटर. तेवढ्यात रस्त्याला काटकोनात लावलेल्या तीन दुचाकी मावतात, फार दाटी केली तर चार. तीन धरू. त्यातली एक मालकाची, एक नोकराची. सकाळी दहाला लागलेल्या या दोन गाड्या रात्री आठलाच हलणार. गिऱ्हाइकासाठी उरली एक जागा. गिऱ्हाईक सरासरी वीस मिनिटं थांबतं असं मानलं, तर एका जागेवर तासाला तीन आणि दहा तासांत तीस गाड्या येऊन जाऊ शकतात. म्हणजे मालकाची एक दुचाकी दिवसाला तीस गिऱ्हाइकांची जागा धरून उभी असते. दुपारी बाजार ओस पडतो, म्हणून यातले निम्मे सोडून द्या. तरी पंधरा राहिले. चारचाकीचं तर बोलायलाच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. कडेला लांबीत लावलेली एक मोटार पाच दुचाकींची जागा खाते. ती कोणा दुकानदाराचीच असेल, तर आपण आपलंच दार लावून घेतलं असं समजावं.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसलं, तेही व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून. बाजारात कामाला येणारी माणसंच दिवसभर गाड्या लावून ठेवतात आणि खरेदीला आलेल्यांना जागा मिळत नाही, ही ती तक्रार. तासाला पाच सेंट भाडं ठेवलं. मीटर आधी रस्त्याच्या एकाच बाजूला होती. त्या बाजूच्या गाड्या भराभर येऊ-जाऊ लागल्यावर समोरच्या बाजूचे दुकानदार आपल्याकडेही मीटर मागायला लागले. आपल्याला मीटर नको. पण तक्रार कोणाची होती आणि दोषी कोण निघाले, हे ध्यानात ठेवावं.

कामाला सुरुवात मोजणीने करा, आणि ती मोजणी स्वतः करा. ‘पार्किंगचा प्रश्न गंभीर आहे’ एवढंच लिहिलेलं निवेदन दप्तरात जाऊन पडतं. तारीख, वेळ आणि आकडे लिहिलेला कागद टेबलावर टिकतो. गल्लीतल्या पन्नास-साठ दुकानांनी मिळून तीन दिवस निवडावेत: एक आठवडी बाजाराचा, एक साधा, एक लग्नसराईतला किंवा सणाआधीचा. कॉलेजातली दोन-तीन मुलं वही घेऊन बसवा. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाला त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं आणि कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहावेत. दुचाकी, रिक्षा, मोटार, माल उतरवणारा टेम्पो असा शेरा पुढे मारावा. सुरुवातीची अक्षरंही टिपली तर आणखी एक गोष्ट कळते. एमएच २३ म्हणजे बीड, एमएच ४४ म्हणजे अंबाजोगाई, एमएच १६ म्हणजे नगर. आपल्या पेठेत बाहेरून किती गाड्या येतात याचा अंदाज येतो.

संध्याकाळी वही उलगडून बसा. जो नंबर सहा-सात फेऱ्यांत तिथेच सापडतो, ती गाडी गिऱ्हाइकाची नसते. ती दुकानदाराची, नोकराची, वरच्या मजल्यावरच्या क्लासची, बँकेतल्या कर्मचाऱ्याची किंवा बसस्टँडवरून एसटी धरून रोज दुसऱ्या गावी कामाला जाणाऱ्याची असते. अशा गाड्यांचे नंबर नावांसह भिंतीवर लावू नका. कोणाची फजिती करून बाजार सुधारत नाही. व्यापारी मंडळाच्या बैठकीत एकूण आकडा सांगा: कडेला मिळून इतक्या जागा, त्यातल्या इतक्या सकाळपासून अडलेल्या. बैठकीतल्या प्रत्येकाला आपली गाडी कोणत्या आकड्यात आहे ते बरोबर कळतं.

याच तीन दिवसांत दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सहज विचारा, ‘कशाने आलात?’ हे फार महत्त्वाचं आहे, कारण या बाबतीत दुकानदाराचा अंदाज हमखास चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली केलेल्या पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात ते २२ टक्के निघालं. आपल्याकडे तर एसटीवर येणारं गिऱ्हाईक मोठं आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीच प्रवास मोफत झाला. लेकीसुनांना घेऊन खरेदीला येणारी बाई बसस्टँडवर उतरते आणि चालत पेठेत येते. कडेच्या गाड्यांमुळे तिला रस्त्याच्या मधून, रिक्षा-ट्रॅक्टर चुकवत चालावं लागत असेल, तर ती दोन दुकानं कमी फिरते. म्हणून पार्किंगचा आराखडा करताना पहिली रेघ पायी येणाऱ्यांसाठी मारा. फुटपाथची स्वच्छ मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मापदंड पुस्तक सांगतं. माळीवेशीसारख्या जुन्या भागात ते जमणार नाही हे मलाही कळतं. तिथे निदान एका बाजूला दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतील एवढी वाट गाड्यांपासून आणि आपल्या सामानापासून मोकळी ठेवता येते.

आपलं सामान हा शब्द मुद्दाम वापरला. दुकानाच्या पायऱ्या रस्त्यात, त्यापुढे कपडे घातलेले पुतळे, त्यापुढे फलक, वर बांबूवर ताडपत्री. शेजाऱ्याने तीन फूट पुढे घेतलं म्हणून आपण चार फूट घेतले. असं करत दोन्हीकडून रस्ता आठ फुटांनी आवळला, आणि दोष मात्र हातगाडीवाल्याला. बैठकीत ठरवायचा पहिला ठराव हाच असावा, की गटाराच्या कडेपुढे कोणाचीही वस्तू येणार नाही. हा ठराव झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही मागणीला वजन येत नाही. वरचा अधिकारी पाहणीला येतो तेव्हा तो आधी तुमच्याच पायऱ्यांकडे पाहतो.

आता आपल्या गाड्या न्यायच्या कुठे? प्रत्येक पेठेच्या दोन-तीनशे मीटरच्या आत कुठे ना कुठे मोकळी जागा असते: शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाचं आवार, एखाद्या संस्थेची पडीक जागा, मोंढ्यातली सकाळच्या लिलावानंतर रिकामी होणारी बाजू. मंगल कार्यालय तर लग्नाची तिथी सोडली तर बहुतेक दिवस कुलूपबंद असतं. दुकानामागे महिन्याला काही रक्कम काढून अशी जागा भाड्याने घ्या, तिथे एक रखवालदार आणि थोडी सावली करा. नोकराला ‘तिकडे लाव’ म्हणून हुकूम सोडू नका. त्याची दुचाकी बहुधा हप्त्यावर घेतलेली असते आणि ती चोरीला जाण्याची धास्ती त्याला खरोखर असते. आधी रखवालदार, मग नियम. आणि पहिला महिनाभर मालकाने स्वतःची गाडी तिथे लावून चालत यावं, मग दुसऱ्याला सांगावं.

ज्या इमारतींना तळघर आहे तिथे ते कशासाठी मंजूर झालं होतं ते पाहा. मंजूर नकाशात पार्किंग दाखवून प्रत्यक्षात गाळे काढलेले असतात. राज्याच्या बहुतेक भागात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत व्यापारी बांधकामाला किती गाड्यांची जागा ठेवायची याचे कोष्टकच आहे. जुन्या इमारतीचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागता येतो. हे काम नाजूक आहे, ओळखीपाळखीत वाईटपणा येतो. तरी एका तळघरातून वीस-पंचवीस दुचाकींची जागा निघत असेल तर मालकाशी आधी समोरासमोर बोलावं. पुढच्या गाळेधारकालाही गिऱ्हाईक हवंच असतं.

माल उतरवण्याचा प्रश्न वेगळा काढून सोडवावा लागतो, कारण भर बाजारात संध्याकाळी सहाला उभा राहिलेला एकच टेम्पो साऱ्या रस्त्याचा गळा दाबतो. किराणा, हार्डवेअर, भांडी, कापड यांचा माल येण्याच्या वेळा ट्रान्सपोर्टवाल्यांशी बसून ठरवा. सकाळी नऊच्या आत उतरवलेला माल सगळ्यांना सोयीचा. दुपारी दोन ते चारची वेळही अनेक जण सुचवतात, कारण तेव्हा गर्दी नसते. हिवाळ्यात ती ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत नको. त्या उन्हात पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणारा हमाल माणूस आहे, आणि तुमच्या सोयीच्या वेळापत्रकाची किंमत त्याने मोजू नये. उन्हाळ्यात पहाटे सहाला एक शटर उघडायची तयारी मालकांनी पाळीपाळीने ठेवावी. माल उतरवण्यासाठी दर पंधरा-वीस दुकानांमागे एका टेम्पोची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून घ्या. सकाळी ती टेम्पोची आणि दहानंतर रिक्षात चढण्या-उतरण्याची. एकाच जागेला दिवसात दोन कामं देता येतात, हे एकदा पटलं की निम्मे वाद मिटतात.

हाच विचार हातगाड्यांना आणि पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांना लावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ बाजारात येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते फळ गिऱ्हाइकापर्यंत पोचतं ते रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईच्या पाटीतून. तिचं काम सकाळचं असतं, गाड्यांची गर्दी संध्याकाळची. आखलेल्या एका पट्ट्यात सकाळी पाट्या आणि दुपारनंतर दुचाकी, असं आनंदाने जमतं. विक्रेत्यांना उठवा अशी मागणी घेऊन जाणाऱ्या व्यापारी मंडळाला मी कळकळीने सांगेन, तसं करू नका. एक तर २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत त्यांना हटवता येत नाही. दुसरं, भाजी-फळं घ्यायला आलेली बाईच पुढे तुमच्या दुकानात शिरते. त्या कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असतात, त्यातल्या एक तृतीयांश महिला, आणि व्यापारी संघटनेलाही तिथे प्रतिनिधित्व मिळू शकतं. गाड्या कुठे, गाडे कुठे, ही चर्चा त्या टेबलावर करा. तुमच्या गावात ती समिती बसत नसेल तर ती बसवण्याची मागणी दुकानदार आणि विक्रेते यांनी एकाच कागदावर सह्या करून करावी. अशा कागदाकडे कोणी दुर्लक्ष करत नाही.

आता अर्ज कोणाकडे करायचा ते. इथे बहुतेकांचं एक वर्ष वाया जातं, कारण रस्ता कोणाचा हेच आधी पाहिलेलं नसतं. जिल्ह्यात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर या नगर परिषदा आणि केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या नगर पंचायती. पण गावातून जाणारा प्रत्येक रस्ता त्यांचा नसतो. गेवराई आणि माजलगावच्या बाजूने कल्याण–विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्ग जातो. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे आहेत. महामार्गाच्या कडेला नगर परिषद पट्टे मारू शकत नाही आणि तुम्ही तिच्या दारात चपला झिजवत राहता. म्हणून पहिला साधा अर्ज मुख्याधिकाऱ्यांना: अमुक चौक ते तमुक चौक हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे?

रस्ता नगर परिषदेचा असेल तर दोन गोष्टी एकत्र चालवाव्या लागतात. पट्टे, फलक, फुटपाथ यासाठी नगर परिषदेचा ठराव, आणि कुठे थांबायचं, कुठे नाही, कोणत्या वेळी, हे कायद्याने बंधनकारक होण्यासाठी अधिसूचना. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचं, ११६ फलक उभारण्याचं आणि ११७ पार्किंगच्या जागा ठरवण्याचं. अर्जात या कलमांचा उल्लेख करा आणि एकेक प्रत मुख्याधिकारी, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वाहतूक शाखा यांना द्या. सोबत मोजणीचा कागद आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. नकाशात प्रत्येक दुकान, विजेचा खांब, डीपी, गटाराची झाकणं, हातपंप दिसला पाहिजे. कोपरे, वळणं, शाळा-दवाखान्याची दारं, बसथांबा इथे गाडी लावायला २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनीच मनाई आहे, त्यामुळे त्या जागा आधीच कोऱ्या सोडा. कोपऱ्यापासून किती अंतर ते वाहतूक पोलिसांना प्रत्यक्ष आणून ठरवून घ्या. अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका जाण्यासाठी किमान साडेतीन मीटरची सलग वाट दिवाळीच्या गर्दीतही उघडी राहिली पाहिजे. यात तडजोड नको. जुन्या पेठेत कापडाची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत.

दिव्यांगांसाठीची जागा नकाशात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलू नका. तीन चाकांच्या स्कूटरला आणि मोटारीतून चाकाच्या खुर्चीत उतरणाऱ्याला जास्त रुंदी लागते. केंद्राच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे. ही जागा औषध दुकानं, दवाखाने, बँक यांच्या जवळ हवी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयामुळे दूरदूरचे रुग्ण येतात. तिथल्या औषध दुकानांपुढे ‘पाच मिनिटं, रुग्णासाठी’ अशी एक जागा राखणं ही त्या दुकानदारांनी आजच करण्यासारखी गोष्ट आहे. परळीचं गणित आणखी निराळं. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला भाविकांची वाहनं गावाबाहेर थांबवून आत रिक्षाने आणणं भाग आहे. त्या दिवसांसाठी वेगळा नकाशा आधीच करून ठेवावा.

सम-विषम तारखेचं पार्किंग अरुंद रस्त्यावर उपयोगी पडतं. एका बाजूला एक दिवस, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दिवशी. पुणेकरांना पी-१, पी-२ चे फलक पाठ आहेत. मात्र फलक ठळक मराठीत आणि दर पन्नास पावलांवर हवा, नाहीतर खेड्यावरून आलेल्या माणसाला ५०० रुपयांचा दंड पडतो आणि तो पुन्हा त्या पेठेत पाऊल टाकत नाही. पहिले पंधरा दिवस दंड न करता नुसतं समजावून सांगावं, अशी विनंती पोलिसांना करा आणि समजावण्यासाठी तुमची माणसं उभी करा.

पैसे घ्यावेत का? माझं मत आहे, सुरुवातीला अजिबात नको. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध इतका झाला की ते मोजक्या रस्त्यांपुरतं आखडलं आणि अंमलबजावणी रखडली. उलट कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावात १९९३ साली जुन्या पेठेत मीटर बसले तेव्हा त्यांचं उत्पन्न त्याच पेठेच्या फुटपाथ, दिवे, सफाईवर खर्च करायचं ठरलं, म्हणून व्यापारी राजी झाले. कधी शुल्क आलंच तर ‘या रस्त्याचा पैसा याच रस्त्यावर’ ही अट ठरावात लिहून घ्या. आणि कंत्राटदाराच्या माणसाने छापील पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नये.

या सगळ्याची वेळ कधीची धरावी? दिवाळीच्या तोंडावर काही बदलू नका, लोक चिडतात. आखाडात बाजार थंड असतो, तेव्हा मोजणी आणि बैठका. श्रावणात अर्ज. पोळ्यानंतर एका लहान टप्प्यावर, समजा शंभर मीटरवर, चुन्याच्या फक्कीने पट्टे मारून महिनाभर चालवून पाहा. फक्की पावसात धुऊन जाईल, ते चांगलंच आहे. चुकलेली रेघ सरकवता येते. रिक्षावाला कुठे थांबतो, दूधवाला कुठे, शाळा सुटल्यावर काय होतं, हे त्या महिन्यात कळतं. पक्का रंग दसऱ्याच्या आठवडाभर आधी. रंगाचे डबे, ब्रश आणि नकाशाची प्रत एका दुकानात ठेवा आणि ते दुकान दर वर्षी बदला. मोजणीची वहीही त्याच डब्याशेजारी ठेवा. पुढच्या आखाडात त्याच तीन प्रकारच्या दिवशी, त्याच वेळांना, पुन्हा दहा ते आठ नंबर लिहायचे आहेत.